सकाळी घड्याळ, संध्याकाळी ढीग

शेषरावांच्या जिनिंगच्या हापिसावर जर्मनीचं घड्याळ लागलं त्या दिवशी पेढे वाटले. अडत्यांना मिळाले, तलाठ्याला मिळाले, कापूस घेऊन आलेल्या ट्रॅक्टरवाल्यांनाही एकेक मिळाला. मशीनपुढं उभ्या राहणाऱ्या बायांना मिळाला नाही. त्यांच्या वाट्याला घड्याळ आलं.

जवळा बाजारच्या बाहेर, रस्त्याला लागून ही जिनिंग. दिवाळीनंतर सुरू होते, होळीपर्यंत चालते. कापूस आत जातो, सरकी खाली पडते, रुई पुढं जाते. मालक लोक असंच सांगतात. मधे बाई असते, ते कुणी सांगत नाही. मशीनच्या तोंडाशी ओळीनं बाया उभ्या असतात. कापूस उचलायचा, पालापाचोळा आणि किडलेल्या बोंडाची कवडी झटकन वेगळी काढायची, उरलेला घास रोलरला द्यायचा. तोंडाला फडकं बांधलं तरी घरी गेल्यावर थुंकीत रुई निघते. बोट जरा पुढं गेलं तर रोलरला कापूस आणि कातडं यातला फरक कळत नाही.

निम्म्या बाया गावातल्या, निम्म्या बंजाऱ्यांच्या हिरासिंग नाईक तांड्यावरच्या. तांड्यावरच्या बायांची म्होरकी जमनाबाई. पन्नाशी ओलांडलेली, उंच, आणि आवाज असा की मशीनं चालू असताना पार दुसऱ्या टोकाला ऐकू जावा. मागच्या हंगामात एका पोरीचा हात रोलरमधे ओढला गेला, तेव्हा ह्याच आवाजानं तिनं सगळी मशीनं बंद करायला लावली होती आणि पोरगी जीपमधे बसून दवाखान्याकडं निघेपर्यंत चालू करू दिली नव्हती. शेषराव तेव्हापासून तिच्यावर टपून होते. पण हात कापला म्हणून ओरडली, एवढ्या कारणावरून बाईला काढलं तर चार माणसं नावं ठेवतील. त्यांना सभ्य कारण पाहिजे होतं. ते त्यांना भिंतीवर टांगलेलं मिळालं.

आधी तिथं साधं घड्याळ होतं. भंगार. रोज थोडं मागं पडायचं. गेटवरचा प्रभू रोज सकाळी स्टूल घेऊन यायचा. रस्त्यापलीकडच्या हॉटेलात रेडिओ लागलेला असायचा. आठच्या हिंदी बातम्यांआधी आकाशवाणीचे ते टिक टिक ठोके पडायचे, शेवटचा जरा लांब. तो लांब ठोका पडला की प्रभू स्टुलावर चढून काट्याला बोटानं ढोसायचा. त्या घड्याळावर कुणाचाच भरोसा नव्हता, म्हणून ते वर्षानुवर्षं बराबर चाललं.

मग शेषरावांची लेक रागिणी नवऱ्याबरोबर जर्मनीला गेली आणि पहिल्या दिवाळीला येताना बापासाठी हे घड्याळ घेऊन आली. स्टीलची कड, पांढरी तबकडी, आकडे नाहीत, नुसत्या काळ्या रेघा. बाराच्या रेघेखाली बारीकसा मनोरा काढलेला आणि मनोऱ्यातून निघालेल्या लाटा. शेषराव येईल त्याला ते दाखवायचे.

"हे रेडिओवरचं घड्याळ हाय. जर्मनीत मनोरा हाय, तिथून येळ सुटती. रात्री समदे झोपले का हे घड्याळ ती पकडतं अन् आपले काटे आपणच नीट करतं. दहा लाख वर्षांत एक सेकंद चुकतं म्हन्तेत. चुकलं तर या मला सांगायला."

दहा लाख वर्षांनी कोण सांगायला येणार! लोक हसायचे, मान हलवायचे, आणि वर बघायचे. प्रभूला ताकीद मिळाली, ह्या घड्याळाला हात लावायचा नाही. त्याचं स्टूल वजनकाट्यापाशी गेलं.

घड्याळाबरोबर कायदाही आला. ठीक आठला गेट बंद. बाहेर राहिली ती बाई दुपारपर्यंत बाहेरच, अर्धा रोज गेला. तीनदा उशीर झाला की त्या हंगामापुरतं नाव कट. "जर्मनीत असंच असतं," शेषराव म्हणाले. जर्मनीत बाया सुटतात किती वाजता, हे मात्र त्यांनी लेकीला विचारलं नसावं. कारण संध्याकाळचा कायदा जुनाच राहिला. आजचा ढीग आज संपवायचा. ढीग मोठा असला तर अंधार पडेपर्यंत, त्याहून मोठा असला तर दिवे लावून. सकाळी घड्याळ, संध्याकाळी ढीग. जिकडं मालकाचा फायदा तिकडं मोजमाप बदलायचं, ही विद्या आपल्याकडं जर्मनीहून आणावी लागत नाही.

तांड्यावर भिंतीवरची घड्याळं नव्हती. जमनाबाईच्या नवऱ्याचा, थावराचा, एक ट्रान्झिस्टर होता. मागचं झाकण गेलेलं, सेल रबरानं बांधलेले. पहाटे तो लागायचा. भजनं संपून पुण्याहून मराठी बातम्या सुरू झाल्या की बाया निघायच्या. बातम्या झाल्यावर थावरा एकटाच पुढचं शेतीचं ऐकत बसायचा. नाल्यातून, बांधावरून, डांबरीला लागून, बाया गेटावर पोचायच्या तेव्हा आठ वाजायला वेळ असायचा. पहिल्या हंगामात गेटाबाहेर बसून तंबाखू मळण्याइतका वेळ असायचा. दुसऱ्या हंगामात तंबाखू चालता चालता मळावी लागायला लागली. तिसरा हंगाम लागला, दोन हजार चारची दिवाळी झाली, आणि बाया पळत यायला लागल्या.

कुणाच्या मनातही आलं नाही की घड्याळ चुकत असेल. ते तर स्वतःला नीट करतं. रेडिओही चुकत नाही. मग चुकत कोण असेल? बायांचे पाय. चीड येते ती इथं. त्या बायांनी एकमेकींना दोष दिला. जमनाबाईनं सुनेला, मिनाला, रस्त्यात फाडून खाल्लं.

"काय मुंगीवानी चालतीस? लेकरू झालं म्हणून काय पाय झिजले?"

"याडी, मी बराबरच चालून राहिले," मिना म्हणायची. सासूला ती याडीच म्हणायची, आई. "रस्ताच लांबला."

"रस्त्याला काय शेपूट फुटलं का लांबायला? उचल पाय."

मिनाचं पोरगं तीन-चार महिन्यांचं, तांड्यावर थावरापाशी ठेवलेलं. संध्याकाळी ढीग संपेपर्यंत तिचं पोलकं ओलं व्हायचं. सकाळी पुन्हा ती पाय उचलायची.

एक दिवस पाय उचलूनही गेट बंद झालं. आत गावातली सिंधूबाई फडकं बांधत होती. तिचं घर जिनिंगच्या मागंच, शेळ्या सोडून चार ढांगा टाकल्या की ती आत. तिनं गजांतून हात हलवला. प्रभू कुलूप हातात घेऊन उभा.

"प्रभूदादा, आता तर आलो ना डोळ्यादेखत," जमनाबाई म्हणाली.

"घड्याळ बघा."

"घड्याळ काय बघू, तू बघ माझ्याकडं. किती वर्षं झाली इथं येऊन राहिले?"

"जमनाबाई, मला नोकरी हाय," प्रभू म्हणाला आणि दुसरीकडं पाहू लागला. हा माणूस रोज स्टुलावर चढून वेळ नीट करणारा. हॉटेलातला रेडिओ अजून तिथंच, ठोके अजून पडतात, त्याचे कान काही गेले नव्हते. पण मालकानं हात बांधले की आपली माणसं कानही बांधून घेतात. त्याला घड्याळ पुढं गेलंय हे ठाऊक होतं का? माझं म्हणणं, होतं.

जमनाबाईच्या नावापुढं एक खूण पडली. त्याच आठवड्यात दुसरी पडली. शेषराव हापिसाच्या पायरीवर दात कोरत उभे होते.

"जमनाबाई, आता एकच राह्यली बरं का," ते हसून म्हणाले. "मग घरी बसून नातू सांभाळ."

त्या संध्याकाळी तिनं थावराला सांगितलं, ट्रान्झिस्टर उद्या मी नेणार. थावरा म्हणाला, मग बातम्या मी कशावर ऐकू? ती म्हणाली, तुझ्या बातम्या ऐकून माझी रोजी हातची चाललीय. तो सेलांवरचं रबर घट्ट करत बसला.

दुसऱ्या दिवशी ट्रान्झिस्टर पदरात गुंडाळून ती निघाली. बातम्या चालता चालताच ऐकल्या. गेटावर पोचल्या तर गेट बंद, आत घड्याळात आठ होऊन गेलेले. प्रभूनं मान खाली घातली. जमनाबाईनं गेटाच्या खांबावर ट्रान्झिस्टर ठेवला आणि आवाज जेवढा मोठा होईल तेवढा केला. गाणं चालू होतं. मग जाहिरात लागली. बाया उभ्या, मागं कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग, ट्रॅक्टरवाले खाली उतरून बघायला आले.

मग ठोके पडले. शेवटचा लांब ठोका पडला. रेडिओतली बाई हिंदीत बातम्या वाचायला लागली.

"आता वाजले आठ," जमनाबाई ओरडली. "मालक, तुमच्या भितीवर किती वाजले?"

भिंतीवर सव्वाआठ व्हायला आले होते.

शेषराव बाहेर आले. त्यांनी आधी ट्रान्झिस्टरकडं पाहिलं, मग रबराकडं.

"हा डबा मागं चालून राहिला."

"मालक, रेडिओला काटे अस्तेत काय मागं पडायला?"

ट्रॅक्टरवाले खो खो हसले. शेषरावांचा चेहरा उतरला नाही, उलट फुगला.

"अगं, आकाशवाणी म्हंजे सरकारी खातं. तिथला माणूस चहा प्यायला जातो अन् मग ठोके देतो. हे जर्मनीचं हाय. तिथं चहा न्हाई पित."

एवढ्यात मागून मोटार आली. रागिणी संक्रांतीला माहेरी आली होती. पोराला जिनिंग दाखवायची म्हणून त्याला घेऊन आली होती. वाईट मुलगी नव्हती ती. गाडीतून उतरली, सगळ्या बायांना नमस्कार केला, काय झालं म्हणून विचारलं. सिंधूबाईनं गजांतूनच सगळं सांगितलं. तुमचं घड्याळ म्हन्तंय सव्वाआठ, रेडिओ म्हन्तोय आठ, अन् ह्या बाया बिचाऱ्या बाहेर.

रागिणीनं घड्याळाकडं पाहिलं आणि ती हसली.

"अहो मावशी, ते रेडिओवरचं घड्याळ इथं रेडिओवर चालतच नाही."

"रागिणी, आत चल," शेषराव म्हणाले.

"एक मिनिट, बाबा. मावशी, ह्याच्या आत काळ्या कांडीवर तार गुंडाळलेली असते, तुमच्या ट्रान्झिस्टरमधे असते तशीच. ती त्याचा कान. जर्मनीतला मनोरा सेकंदाला एक ठोका देतो. कुठला ठोका आखूड, कुठला जरासा लांब. मिनिटभराचे ठोके जुळवले की त्यातून किती वाजले, तारीख काय, सगळं निघतं. घड्याळ ते रात्री ऐकतं, कारण रात्री गोंगाट कमी असतो आणि लहर लांबवर जाते. ऐकलं की काटे बरोबर जागेवर. पण तो मनोरा दोन-एक हजार किलोमीटरपर्यंत ऐकू येतो. आपण त्याच्या तिप्पट लांब. इथं ह्याला रात्रभर कान लावून काहीच ऐकू येत नाही. मग ते आपल्या आतल्या यंत्रावर चालतं, साध्या घड्याळासारखं. उलट साध्यापेक्षा वाईटच. रोज रात्री कुणीतरी नीट करणार म्हणून आतलं यंत्र फार चांगलं घालत नाहीत. आणि खरंच जर्मनीची वेळ ऐकली असती, तर आत्ता ह्यात साडेतीन वाजलेले दिसले असते. तिकडं अजून पहाट पण झाली नाही."

मग सिंधूबाईला हसू फुटलं.

"आयाई गं! म्हंजे तिकडं बाया झोपेत, अन् इकडं त्यायच्या घड्याळावर आमचं गेट बंद!"

एवढी साधी गोष्ट. जर्मनीत दिवस वेगळ्या वेळी उगवतो हे शाळेत शिकवतात. तलाठी शाळेत गेला होता. अडते गेले होते. त्या दोन वर्षांत त्या घड्याळाखाली मास्तर येऊन गेले, आमदारांचा माणूस येऊन गेला. जर्मनीची वेळ हिंगोली जिल्ह्यात कशी चालेल, हे एकालाही सुचलं नाही. घड्याळ महागाचं होतं ना. महाग वस्तूला प्रश्न विचारायचा नसतो, असं आपल्याला लहानपणीच कळतं.

"तरी मी बाबांना फोनवर सांगितलं होतं," रागिणी म्हणाली. "लावल्या लावल्या. म्हटलं, अधूनमधून हातानं नीट करत जा."

जमनाबाई पुढं झाली. "कवा सांगितलं व्हतं, बाई?"

"झाली की दोन वर्षं. बाबा म्हणाले, बरं, पण लोकांना सांगू नको, शान जाते."

आता मात्र तिनं बापाच्या तोंडाकडं पाहिलं, आणि आपण काय बोललो ते तिला कळलं. चांगल्या घरची माणसं अशा वेळी काय करतात ते तिनं केलं. आवाज खाली आणला.

"म्हणजे... दहा-बारा मिनिटांनी असं काय होतं, मावशी? आत्ता नीट करून टाकू."

दहा-बारा मिनिटांनी काय होतं! ज्यांचे दिवस त्यांचे स्वतःचे असतात त्यांनाच हा प्रश्न पडतो. जमनाबाईनं मागं वळून मिनाकडं पाहिलं. मिना गेटाला टेकून धापा टाकत होती, टाचेला भेग पडून त्यातून रक्त आलं होतं. हंगाम लागल्यापासून सासूनं ह्या पोरीला मुंगी म्हटलं होतं, म्हैस म्हटलं होतं, तिच्या आईबापाचा उद्धार केला होता. आणि शेषराव रोज पायरीवरून बघत होते. दोन वर्षं त्यांना माहीत होतं.

"प्रभू," रागिणी म्हणाली, "स्टूल आणा."

"स्टूल आणायचं न्हाई," शेषराव म्हणाले.

"बाबा—"

"घड्याळाला हात लावायचा न्हाई. माझी जिनिंग, माझं घड्याळ, माझी येळ. ज्याला पटत न्हाई त्यानं दुसरी जिनिंग बघावी. तू पोराला घेऊन घरी जा."

रागिणी उभी राहिली. ती तेवढ्यात स्वतः स्टूल आणू शकली असती. वजनकाटा काही लांब नव्हता. तिनं पोराचं बोट धरलं आणि गाडीत जाऊन बसली. गाडी गेली.

शेषरावांना काटा मागं का घ्यायचा नव्हता, ते उघड होतं. चारचौघांत काटा मागं घेतला की मग कापलेले अर्धे रोज कुठं ठेवायचे? घड्याळ नीट करणं एका बोटाचं काम. आपण लबाड आहोत हे मान्य करायला मात्र फार ताकद लागते, आणि ती ताकद त्या घराण्यात नव्हती.

जमनाबाई ओरडली नाही, ह्याचंच बायांना नवल वाटलं. तिनं ट्रान्झिस्टर बंद केला, पदरात घेतला.

"बरं, मालक. म्हंजे ह्या आवारात हेच घड्याळ खरं?"

"हेच."

"समद्यायला?"

"समद्यायला. लिहून देऊ काय?"

"न्हाई. ह्या ट्रॅक्टरवाल्यायनं ऐकलं, तेवढं बस हाय." ती थांबली. "आजची धरून माझी तिसरी झाली का?"

शेषरावांनी ट्रॅक्टरवाल्यांकडं पाहिलं. आत्ताच हिला काढलं तर हे लोक गावभर सांगणार. "आजची न्हाई धरत," ते मोठ्या मनानं म्हणाले. "उद्यापासून मात्र चुकू नको."

उद्यापासून चुकली नाही. भजनं चालू असतानाच तांडा निघायला लागला. जर्मनीचं घड्याळ आठ म्हणायच्या आत सगळ्या बाया आत. शेषराव खूश. म्होरकीची नांगी मोडली असं त्यांनी हापिसात दोघांना सांगितलंही. बाया मान खाली घालून काम करत होत्या. खरी गोष्ट अशी होती की जमनाबाई मशीनमशीनला जाऊन, सरकीच्या पाट्या उचलण्याच्या निमित्तानं, एकेकीशी बोलत होती. गावातल्या बायांशी बोलायला सिंधूबाई होती. सिंधूबाई आधी कचरली.

"बाई, माझं घर ह्यायच्या भितीला भीत लावून हाय. माझ्या शेळ्या ह्यायच्या बांधावर चरतेत."

"तुझ्या शेळ्या चरतेत अन् तू इथं रुई खातीस. बघ बाई, तुझं तू."

"तू लई वंगाळ बोलतीस, जमने."

"मग? येतीस का न्हाई?"

"बघू," सिंधूबाई म्हणाली.

पुढं एके दिवशी दुपारी ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. ढीग पत्र्याला टेकला होता. शेषराव स्वतः आवारात फिरत होते, लवकर लवकर म्हणत होते, आज दिवे लावावे लागणार म्हणून प्रभूला बल्ब तपासायला सांगत होते. ऊन उतरलं होतं पण गेलं नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळाचे दोन्ही काटे एका रेघेत आले, एक वर, एक खाली.

जमनाबाईनं हातातला कापूस ढिगावर टाकला, तोंडाचं फडकं सोडलं आणि मशीनपासून मागं सरली. तिच्यापाठोपाठ मिना. मग तांड्याच्या सगळ्या. मशीनच्या पोटात घास नाही म्हटल्यावर रोलर रोलरवर घासून कर्र कर्र असा आवाज यायला लागला. तो आवाज जिनिंगमधे कुणालाच ऐकवत नाही, दात आंबतात. गावातल्या बाया एकमेकींकडं बघत होत्या. सिंधूबाईनं एक घास दिला, दुसरा उचलला, आणि तो तसाच खाली सोडला.

"चला गं," ती म्हणाली. "माझ्या शेळ्यायला पाणी पाजायचं हाय."

सगळी ओळ रिकामी झाली. शेषराव धावत आले.

"काय झालं? काहून थांबल्या? कुणाचा हात गेला काय?"

"कुणाचा न्हाई. सहा वाजले, मालक," जमनाबाई म्हणाली.

"ढीग दिसत न्हाई काय तुला?"

"ढीग दिसतोय. घड्याळ बी दिसतंय. ह्या आवारात ते खरं हाय, समद्यायला. ह्या लोकायच्या देखत बोलला तुमी."

शेषराव तापले. मशीन कर्र करत होतं, ट्रॅक्टरवाले जवळ येत होते, रोलर खराब होत होते. त्यांनी झटक्यात मनगट वर केलं आणि बघून ओरडले, "सहा कुठं वाजले? आत्ता कुठं पावणेसहा होऊन राहिले!"

मग स्वतःचंच बोलणं त्यांना ऐकू आलं.

प्रभूनं मशीनचं बटण दाबलं. आवारात एकदम शांतता झाली. ट्रॅक्टरवरच्या एका म्हाताऱ्यानं हळूच विचारलं, "शेषराव, हातातलं कुठलं म्हनावं? जपानचं काय?"

दोन वर्षं. मालकाच्या मनगटावर दोन वर्षं बरोबर वेळ होती. बँकेत जायला ती, एसटी पकडायला ती, भाव ऐकायला ती. फक्त बायांना मोजायला भिंतीवरची.

"मग आमचे अर्धे रोज काहून कापले?" मिनानं विचारलं. ती आजवर मालकासमोर एक शब्द बोलली नव्हती. "माझं लेकरू तिकडं रडून राहिलं अन् मी इथं गेटाबाहेर उभी. काहून?"

मिनाकडं न बघता शेषराव तिच्या सासूवर घसरले. "ही समदी हिनं लावलेली आग हाय. तुमच्या बापजाद्यायनं घड्याळ पाह्यलं व्हतं काय कधी? बैलामागं हिंडनारी जात, अन् मला येळ शिकवून राहिली!"

"मिठाच्या गोण्या लादलेल्या बैलामागं हिंडत व्हतो म्हणून तुमच्या आज्याच्या भाकरीला मीठ व्हतं," जमनाबाई म्हणाली. "त्यायनं खाल्लेलं तरी ध्यानात ठेवा."

"उद्यापासून तू ह्या गेटात दिसायची न्हाई!"

"बरं," ती म्हणाली, आणि बाया बाहेर पडल्या. उजेड होता. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्या उजेडात घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेट उघडं होतं. प्रभू गेटात उभा. म्हणाला, समद्यायनी आत या, जमनाबाई तेवढ्या थांबा. कुणीतरी वर पाहिलं. जर्मनीचं घड्याळ आज हॉटेलातल्या रेडिओशी बरोबर जुळत होतं. रात्रीतून काटा मागं आला होता. मनोऱ्यातून काही आलं नव्हतं, स्टूल आलं होतं. पायरीच्या बाजूला त्याचे चार पाय मातीत उमटले होते. कुणी कबूल केलं नाही, कुणी माफी मागितली नाही, अर्ध्या रोजांचं नाव निघालं नाही.

बाया गेटाबाहेर थांबल्या. आत ढीग तसाच, रस्त्यावर ट्रॅक्टर तसेच.

"आमी बी न्हाई जात," मिना म्हणाली.

जमनाबाई तिच्यावर खेकसली. "न्हाई जात? अन् लेकराला काय वारा पाजनार हाईस? तुमी समद्या न्हाई गेल्या तर हा उद्या टेम्पो भरून दुसऱ्या गावच्या आणतो, त्यायला काही ठाव नसतं. तुमाला ठाव झालंय. जा आत. अन् सहाला उठा. ढीग आभाळाला टेकला तरी उठा. एक जरी मागं राह्यली तर मी तिचं तोंड बघनार न्हाई."

"अन् तू?" सिंधूबाईनं आतून विचारलं.

"मी बघते माझं."

बघण्यासारखं काही नव्हतं. मालक लोकांचे फोन बायांच्या पायांपेक्षा जोरात धावतात. त्या हंगामात तिला कुठल्याच जिनिंगनं गेटाच्या आत घेतलं नाही. तिनं परक्याच्या शेतात कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या उपटल्या, हाताची सालटी गेली. हे मी लिहितो ते कुणाला कीव यावी म्हणून लिहीत नाही. घड्याळ खोटं होतं, हे भर आवारात सगळ्यांसमोर ठरलं, आणि तरी काम ज्या बाईनं खरं सांगितलं तिचंच गेलं. ज्यानं खोटी वेळ टांगली तो त्याच पायरीवर दात कोरत राहिला. हे आमच्या भागात घडलं. कुणाला पटत नसेल तर त्यानं येऊन ती पायरी बघावी.

पण त्या दिवशी ती घरी गेली नाही. रस्त्यापलीकडच्या हॉटेलाच्या बाकड्यावर बसून राहिली. हॉटेलवाल्यानं दोनदा चहा दिला. शेषराव मधेमधे पायरीवर येऊन तिच्याकडं बघत होते. ती त्यांच्याकडं बघत होती. प्रभू कुणाकडंच बघत नव्हता.

सहा वाजले. मशीनचा कर्र कर्र आवाज रस्त्यापर्यंत आला आणि थांबला. आधी सिंधूबाई बाहेर आली, मग गावातल्या, मग तांड्याच्या. आत शेषराव कुणाच्या तरी नावानं ठणाणा करत होते. सगळ्यांत पुढं मिना, पदर खोचलेला, तोंडाचं फडकं मानेला, आणि चालता चालता मागं तोंड करून मालकाच्या आईचा उद्धार करून राहिली होती. ट्रॅक्टरवाले ऐकतच राहिले.

जमनाबाई बाकड्यावरून उठली आणि बायांच्या मागं चालू लागली.

"अगं, त्याच्या आईला काहून शिव्या देतीस?" ती मागून ओरडली. "ती बिचारी मेली कवाच. त्याला दे."